आमच्या घरच्या मोठ्या बाई

मोठ्या बाई गेल्याची बातमी मला पार्लरवालीने जिन्यात दिली. मी दुधाची पिशवी घेऊन वर चढत होतो, ती खाली उतरत होती. तिने माझा दंड धरला आणि डोळे मोठे करून म्हणाली, "काका, मोठ्या बाई गेल्या."

मी पिशवी पायरीवर ठेवली. आमच्या घरातलं माणूस गेल्यापासून हा शब्द ऐकला की हातातलं खाली ठेवायची सवयच लागली आहे. म्हटलं, "कधी? आजारी होत्या का?"

"आजारी कसल्या! मालिका सोडली त्यांनी. निर्मात्याशी वाजलं म्हणे. सोमवारपासून दुसरीच कोणीतरी मोठ्या बाई म्हणून येणार."

मी पिशवी उचलली. टीव्हीवरच्या एका सासूसाठी जिन्यात थांबून हळहळलो म्हणून स्वतःचाच राग आला. पण तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मलाही धास्ती बसली होती. ती का बसली, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी सोफे दुरुस्त करतो. जुना सोफा आला की कापड फाडायचं, आतला मेलेला फोम काढायचा, स्प्रिंगा आवळायच्या आणि नवं कापड ताणून खिळे ठोकायचे. हल्ली लोक पिना मारायचं यंत्र वापरतात. मी अजून बारीक खिळे आणि हातोडी वापरतो, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे खिळे ओठांत धरतो. ओठांत खिळे असलेला माणूस बोलू शकत नाही. गिऱ्हाईक काहीही विचारो, मी "हूं" म्हणतो. तीच सवय घरी आली. आमची ही म्हणायची, "दुकान उघडं असलं काय आणि बंद असलं काय, तुमचं तोंड बंदच." तिचं खरं होतं. लग्न झाल्यापासून मी तिच्याशी जे काही बोललो ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि वर पत्त्याला जागा उरली असती.

ही बाटल्या भरायच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर काचेवर काच आपटायची. तिथे तिचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी दाराची बेल गेली, मग लेकीचा फोन, मग मी. मी गेलो हे तिच्या बरेच दिवस लक्षात आलं नाही, कारण मी तसाही बोलत नव्हतो. कानाचं यंत्र आणलं. त्यातून तिला चमचे, झाकणं, पंखा, खुर्ची सरकवल्याचा आवाज, सगळं ऐकू यायचं. माणसं तेवढी नाहीत. तिने ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार पोचायचं. मग ती म्हणायची, "ओरडू नका, ऐकू येतंय मला." हे ती पोचलं तरी म्हणायची आणि नाही पोचलं तरी म्हणायची.

मालिकेचं वेड तिला आधीपासून होतं. श्रीमंत घर, रुंद जिना, आणि त्या जिन्यावरून काठी टेकत उतरणाऱ्या मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे त्या घरातली सासू. एक भुवई कायम वर. त्या धाकट्या सुनेला छळतात, एवढीच गोष्ट आहे आणि ती कितीतरी वर्षं संपत नाही. कान गेल्यावर हिला चित्र दिसायचं, बोलणं कळायचं नाही. एका संध्याकाळी मला हुकूम झाला, "अहो, नुसते बसता काय? सांगा की काय म्हणतेय ती."

मी सोफ्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्याशी स्टूल ओढलं. ती कोपऱ्यात, मी स्टुलावर, माझं तोंड तिच्या डाव्या कानाशी. आणि मोठ्या बाईंचं बोलणं मी तिला पोचवायला लागलो.

सुरुवातीला अगदी प्रामाणिकपणे. पण मोठ्या बाई एका दमात जेवढं बोलतात तेवढं मी आठवड्यात बोलत नाही. एके दिवशी एका हॉटेलच्या सगळ्या खुर्च्या एकदम आल्या होत्या. संध्याकाळी मान वर होत नव्हती. त्यात मोठ्या बाईंनी सुनेच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार सुरू केला. तो जाहिरात लागेपर्यंत चालला. मी हिच्या कानात ओरडलो, "म्हणते, जेवून घे."

"एवढंच? इतका वेळ तर हलत होतं तोंड."

"दोनदा म्हणाली."

ही पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरी आहे की बाई."

तिथे माझा पाय घसरला. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई सुनेला म्हणाल्या, उभी का, बस जरा. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, तुझा हात दमला असेल, राहू दे ते. आमच्या घरात मोठ्या बाई दिवसेंदिवस सुधारत गेल्या. हिच्या गोळीची वेळ झाली की मोठ्या बाई नेमक्या कोणाला तरी विचारायच्या, "गोळी घेतलीस का?" मग ही उठून गोळी घेऊन यायची. लेकीने पाठवलेला निळा स्वेटर हिने पहिल्यांदा घातला, त्या दिवशी मोठ्या बाई सुनेला म्हणाल्या, "निळा रंग तुला फार शोभतो." आता सुनेच्या अंगावर त्या दिवशी पिवळं होतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. हिने पडद्याकडे बघितलं, स्वतःच्या बाहीकडे बघितलं, आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. मला वाटलं, निसटलो.

मी स्वतःला फार हुशार समजायला लागलो. दुकानात ओठांत खिळे धरून संध्याकाळचे संवाद जुळवायचो. एखादं वाक्य जमलं की हातोडी थांबायची. माझ्या शेजारचा कुलूपवाला म्हणायचा, "काय हो, एकटेच का हसताय?" मी म्हणायचो, "हूं."

मग ही गेली. मोठं काही दुखणं नाही. संध्याकाळी मालिका बघितली, रात्री झोपली, सकाळी उठली नाही. आदल्या संध्याकाळी मोठ्या बाई काय म्हणाल्या होत्या ते मी खूप आठवून बघितलं. आठवत नाही. काहीतरी साधंच असणार.

लेक म्हणाली, "बाबा, आमच्याकडे चला." मी म्हटलं, "दुकान आहे." दुकान दिवसाचं भागवतं, हे खरं. पण मालिकेचे आठ वाजले की मला हॉलमध्ये बसवेना. पहिल्या काही दिवसांत एकदा तर आठ वाजता मी खिळे काढायची पक्कड घेतली, आमच्याच सोफ्याच्या पाठीचं कापड सोडवलं आणि तेच कापड पुन्हा लावलं. कामात खोट नव्हती. खोट सोफ्याला नव्हतीच.

अशात तळमजल्यावरच्या सिस्टर एका संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या. सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, हिच्या जुन्या मैत्रीण. म्हणाल्या, "भाऊजी, आमचा टीव्ही बिघडलाय. मालिका बघू का इथे?" मी म्हटलं, बघा. दोन दिवसांनी पार्लरवाली आली. तिच्या टीव्हीत म्हणे मुंग्या दिसत होत्या. मग दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर आणि मास्तरीणबाई आले. मास्तर भूगोल शिकवायचे. त्यांनी सांगितलं की त्यांच्या टीव्हीचा आवाज येतो पण चित्र येत नाही. एकाच इमारतीतले इतके टीव्ही एकदम कसे बिघडतात, असा विचार माझ्या डोक्यात एकदासुद्धा आला नाही. उलट मी चौकशी करून एक मेकॅनिक शोधला आणि त्याचा नंबर तिघांनाही दिला. तिघांनीही आभार मानले. टीव्ही कोणाचाच दुरुस्त झाला नाही.

तेव्हापासून रोज आठ ते साडेआठ माझा हॉल भरलेला असायचा. कोपऱ्याची जागा मोकळी ठेवून तिघी सोफ्यावर आणि खुर्चीवर बसायच्या. मास्तर जेवणाच्या टेबलापाशी पेपर उघडून बसायचे. मालिका आपण बघत नाही, फक्त मंडळींना सोडायला येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी माझ्या स्टुलावर. टीव्हीचा आवाज मोठा असायचा, पण मी काही ऐकत नव्हतो. हॉलमध्ये माणसं आहेत, एवढं मला पुरे होतं.

म्हणून मोठ्या बाईंची बातमी ऐकून मला धास्ती बसली. कारण पार्लरवाली जाता जाता असंही म्हणाली होती, "आमच्या फोनवरच्या ग्रुपने ठरवलंय. बहिष्कार!"

रविवारी संध्याकाळी मालिका नसते, तरी सगळे आले. पार्लरवाली फोन हातात धरून उभी राहिली. मालिकेच्या चाहत्यांचा तो ग्रुप म्हणजे हजारो माणसं, आणि सगळी एकाच वेळी चिडलेली.

"त्या भुवईवर मालिका चालली होती, काका. ती भुवई! नव्या बाईचा फोटो बघितला मी. कपाळावर एक रेघ हलत नाही. इस्त्री केल्यासारखं. मी याच धंद्यात आहे, मला नका सांगू."

"भुवईचं काय घेऊन बसलीस?" मास्तर पेपरामागून म्हणाले. "भूमिका लेखकाची असते. नदीतलं पाणी रोज बदलतं. नदी बदलते का?"

"तुमच्या नदीला भुवई असते का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही पेपर वाचा. तुम्ही मालिका बघत नाही ना?"

"बघत नाही. पण मोठ्या बाईंनी थोरल्याला वाटणीतून काढलं तेव्हा लेखकाने चूक केली, एवढं मी म्हणेन. तिथून पात्र घसरलं."

"बघत नाहीत म्हणे!"

सिस्टर चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "वॉर्डात नवी सिस्टर आली की पेशंट तिच्याकडून सुई टोचून घ्यायला तयार नसायचे. जुनीच हवी म्हणून रुसायचे. दोन दिवसांत विसरायचे."

"सुई वेगळी, मोठ्या बाई वेगळ्या," पार्लरवाली म्हणाली. "मी तर उद्यापासून नाही बघणार. त्या वेळात आपण सगळ्याजणी फिरायला जाऊ. बागेला चार फेऱ्या. तब्येतीलाही बरं."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "हो, मीही. माझे गुडघे धरलेतच."

आणि दोघी सिस्टरांकडे बघायला लागल्या.

माझ्या डोळ्यांसमोर सोमवारचे आठ वाजले. रिकामा हॉल, पक्कड, सोफ्याची पाठ. मी स्टुलावरून उठलो. मला वाटतं या हॉलमध्ये मी उभं राहून बोललो तो पहिलाच दिवस.

"थांबा जरा," मी म्हटलं. सगळे थांबले. मास्तरांनी पेपर खाली केला. माझा आवाज त्यांनी तोवर फारसा ऐकलाच नव्हता.

"माझ्याकडे लोक जुना सोफा आणतात. कापड बदलून घेतात. घरी नेला की दुसऱ्या दिवशी तक्रार, हा आमचा सोफा वाटत नाही हो. मी म्हणतो, बसा. चार दिवस बसा. सांगाडा तोच आहे. स्प्रिंगा त्याच आहेत. बसून बसून तो पुन्हा तुमचा होतो."

"मोठ्या बाई काय सोफा आहेत?" पार्लरवाली म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. ओठांत खिळे असते तर बसलो असतो. पण मला वाटलं, जिंकतोय आपण. मास्तरांनी मानही हलवली होती.

"मोठ्या बाईंचा स्वभाव भुवईत नाही," मी म्हटलं. "तो आतला आहे. माया आहे ती. धाकटा मुलगा घर सोडून गेला त्या दिवशीचं आठवा. सून खोलीत रडत बसली होती. मोठ्या बाई दारात आल्या आणि काय म्हणाल्या? तू रडून घे, मी दार लावून घेते. कोणी बघणार नाही. याला म्हणतात माणूस."

पार्लरवालीने फोन खाली केला.

"काका," पार्लरवाली हळूच म्हणाली, "त्या दिवशी त्यांनी तिच्या खोलीला बाहेरून कडी घातली. दोन दिवस कोंडून ठेवलं तिला."

"कोंडून नाही ठेवलं. दार लावलं."

"बाहेरून?"

मी म्हटलं, असेल. पण एकच प्रसंग धरून माणूस जोखू नये. "जेवणाचं आठवा. सून ताटावरून उठायला लागली तेव्हा मोठ्या बाईच म्हणाल्या ना, अजून थोडं घे म्हणून?"

"ताट भिरकावलं त्यांनी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "भिंतीवर. आमटीचा डाग किती दिवस दाखवत होते."

"आणि ती थंडी पडलेली रात्र? शेकोटीपाशी सुनेला बोलावून घेतलं. म्हणाल्या, हात गार पडलेत तुझे, शेकून घे."

आता मास्तरच उठले. "अहो, मृत्युपत्र जाळत होत्या त्या! सासऱ्यांनी सुनेच्या नावे केलेलं! तिच्यासमोर जाळलं! मालिकेतला सगळ्यात गाजलेला भाग आहे तो. तुम्ही नक्की कुठली मालिका बघत होतात?"

माझे कान तापले. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला खात्री होती की हे सगळं घडलेलं आहे. मी स्वतः रचलेलं मीच खरं धरून बसलो होतो. मला शेकोटी दिसत होती, सुनेचे हात दिसत होते, मोठ्या बाईंचं वाक्य ऐकू येत होतं. कागद जळताना दिसत नव्हता. मी खाली बसलो. स्टूल होतं तिथेच बसलो म्हणून बरं, नाहीतर तेही हुकलं असतं.

पार्लरवाली तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती. मग सिस्टर हसायला लागल्या. आधी खांदे, मग सगळ्याच.

"अगं, ह्याच त्या," त्या पार्लरवालीला म्हणाल्या. "ह्यांच्या घरच्या मोठ्या बाई. ओळखलं नाहीस?"

"म्हणजे जिन्यातल्या?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

मला काही कळेना. म्हटलं, "जिन्यातल्या कुठल्या?"

सिस्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "भाऊजी, तुम्ही सकाळी दुकानात गेलात की ही दूध घ्यायला खाली यायची. आणि जिन्यात मला गाठायची. काल आमच्या मोठ्या बाई काय म्हणाल्या माहितेय का, असं सुरू व्हायचं. तिचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून केवढ्याने बोलायची. तिन्ही मजले दार उघडून ऐकायचे."

"मी दात घासताना थांबायचो," मास्तर म्हणाले. मग एकदम पेपर वर केला.

"पण ते सांगायच्या आधी ती आम्हाला खरी गोष्ट विचारून घ्यायची," सिस्टर म्हणाल्या. "मी हातवारे करून, तोंडाच्या हालचाली करून सांगायचे. ताट फेकलं, कडी घातली, कागद जाळला. मग ती तुमची गोष्ट सांगायची आणि इतकी हसायची की कठडा धरावा लागायचा. त्या शेकोटीच्या दिवशी तर पायरीवर बसली खाली."

"तिला माहीत होतं?"

"भाऊजी! पहिल्या आठवड्यातच मी तिला सांगितलं, तुझा नवरा तुला फसवतोय. तर मला म्हणते, ताट भिरकावणारी बाई कधी अजून थोडं घे म्हणते का? कान गेलेत माझे, डोळे नाही गेले."

मी निळ्या स्वेटरचा विचार करत होतो. पिवळ्या कपड्यातली ती सून, आणि पडद्यावरून बाहीकडे आलेली हिची नजर. हुशार माणूस मी! डोळ्यांदेखत चोरी पकडली गेली आणि चोराला वाटलं, निसटलो.

"मग बोलली का नाही मला?"

"मी विचारलं तिला तेच. म्हणाली, सांगितलं तर बंद करतील. जन्मभर खिळे धरून बसलाय हा माणूस, आता कुठे बोलतोय. बोलू दे."

 पार्लरवालीचं हसू थांबलं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, आणि आणखी एक पेला उगाच भरून ओतून दिला. बाहेर आलो तर बहिष्काराची सभा पुन्हा सुरू झालेली होती, पण आवाज खाली आले होते.

"काय ठराव आहे तुमच्या ग्रुपचा?" मास्तर पार्लरवालीला विचारत होते. "शब्दशः वाच."

तिने फोनवर वाचलं. "आम्ही खरे चाहते शपथ घेतो की नव्या मोठ्या बाईच्या तोंडचा एकही शब्द ऐकणार नाही."

"ऐकणार नाही," मास्तर म्हणाले. "बघणार नाही असं आहे का कुठे?"

"नाही."

"मग झालं तर. आवाज बंद करून बघा. शपथही मोडत नाही आणि मालिकाही चुकत नाही."

"आणि बोलणं कळायचं कसं?" पार्लरवालीने विचारलं. विचारता विचारताच ती थांबली आणि माझ्याकडे वळली. मग मास्तरीणबाई वळल्या. मग पेपर खाली झाला.

मी म्हटलं, "छे. मला नाही जमणार. ते तिच्यापुरतं होतं."

"आमचाही हक्क आहे थोडा," सिस्टर म्हणाल्या. "इतके दिवस जिन्यात उभं राहून ऐकलंय. फुकट टीव्ही बिघडवले का आम्ही?"

तेव्हा कुठे ते बिघडलेले तीन टीव्ही माझ्या डोक्यात शिरले. आणि मी मेकॅनिकचा नंबर दिला होता, तोही आठवला. तो बिचारा मला दोनदा म्हणाला होता की कोणी फोनच केला नाही. मी त्यालाच आळशी समजलो होतो.

सोमवारी दुकानात माझ्या हातून एक खुर्ची उलट्या कापडाने मढवली गेली. कुलूपवाला म्हणाला, "आज हसतही नाही तुम्ही." मी म्हटलं, "संध्याकाळी काम आहे." त्याला याचंच इतकं आश्चर्य वाटलं की त्याने पुढे काही विचारलं नाही.

आठ वाजता सगळे आले. फिरायला जायचं म्हणून पार्लरवालीने घेतलेले नवे बूट तिच्या पायात होते, ते तिने दाराशी काढले. तिघी आपापल्या जागी बसल्या, कोपरा मोकळा ठेवून. मास्तर या वेळी पेपर न घेता आले आणि टेबलाची खुर्ची उचलून पुढे आणून बसले. मी माझ्या स्टुलावर बसलो. पार्लरवालीने रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

नव्या मोठ्या बाई जिन्यावरून उतरल्या. काठी तीच होती. भुवई उचलायचा त्यांनी प्रयत्न केला, पण दोन्ही भुवया एकदम वर गेल्या. "बघा!" पार्लरवाली म्हणाली. सिस्टरांनी तिला गप्प केलं. खाली दिवाणखान्यात धाकटी सून उभी होती. पायाशी बॅग. मोठ्या बाईंनी हात लांब करून घराच्या दाराकडे बोट दाखवलं आणि तोंड उघडलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी दिवसभर जुळवून ठेवलेलं वाक्य होतं, बस जरा, कुठे निघालीस. त्यासाठी सून थांबायला हवी होती. पण तिने बॅग उचलली. ती दाराकडे चालायला लागली. मी वाट बघितली, आता थांबेल, आता वळेल. ती चालतच होती. माझं वाक्य तोंडातच राहिलं. चित्राशी जुळेना. जाणाऱ्या माणसाला बस कसं म्हणायचं?

"काय म्हणताहेत?" मास्तरीणबाईंनी हळू विचारलं.

मोठ्या बाईंचं तोंड अजून हलत होतं. मी मान वळवली, सवयीने, कोपऱ्याकडे, जिथे डावा कान असायचा तिथे, आणि जोर लावून सांगितलं, "म्हणते, जा. सावकाश जा. पोचलीस की कळव."

मास्तर खुर्चीत दचकले. "अहो, केवढ्याने! आम्हाला येतं ऐकू."

पडद्यावर सून दारापर्यंत पोचली होती. उंबऱ्यात ती थांबली, मागे वळली, आणि तिचे ओठ हलले. थोडंसंच काहीतरी बोलली.

सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि सून काय म्हणते?"

मी पडद्याकडे बघितलं. मग म्हटलं, "म्हणते, ओरडू नका. ऐकू येतंय मला."